फागू कोणाचं नाव होतं

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासूनचा हा दुसरा उन्हाळा. इतके दिवस मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा बोलले नाही. तुमची आठवण आली की तुमचं नाव आठवतं, आणि नाव आठवलं की डोकं फिरतं. पण आता बोलावं लागेल. परवा आपल्या तलावाची मासोळी निघणार आहे, त्याच्या बांधावर, पाळीवर, वाटे पडणार आहेत, आणि पाठमोरं उभं राहायला गावातल्या बायांनी मला बोलावलं आहे. मला! फागूच्या पोरीला!

उभं राहण्याआधी तुमच्याशी भांडून घेते. माझी भाषा शाळेतल्यासारखी वाटली तर हसू नका. कागद पुढ्यात आला की हात शाळेत जातो. राग वाढला की आपली बोली येईलच.

आधी कालचं सांगते. काल मी एटापल्लीच्या गाडीवर होते. मागच्या सीटवर कॉलेजातले दोन पोट्टे बसले होते. मी तिकिटं देत मागे गेले तर त्यातला एक खिडकीला डोकं टेकून झोपलेला. मला वाटलं, पास असेल. मी पुढे निघून गेले. आलापल्लीच्या अलीकडे पुन्हा मागे आले तेव्हा हा झोपलेला गडी फोनवर बोलत होता. हसत होता. म्हणाला, "फागवलं बे बाईले."

फागवलं! बाबा, तुमच्या नावाचं हे असं झालं आहे. फागवतो, फागवला, फागवून टाकला. पाठ फिरली की ज्याला फसवलं, त्याला फागवलं.

मी त्याला तिकीट दिलं. त्यानं निमूट घेतलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. मग मी त्याला विचारलं, फागू कोण होता ते माहीत आहे का? त्यानं मित्राकडे पाहिलं, मित्रानं त्याच्याकडे पाहिलं. मग मला समजावल्यासारखं बोलला, "कोनी नाई जी. मानूस नाई तो. शब्द आहे."

पुढच्या सीटवरच्या बाया हसल्या. एकजण म्हणाली, कंडक्टर बाईले इतलं बी माहीत नाई. मी त्यांना सांगायला तोंड उघडलं, की अरे, मी त्याची पोरगी आहे. आणि तोंड मिटलं. कोणाची पोरगी? शब्दाची? सगळी गाडी खिदळली असती. मी पुढे जाऊन माझ्या सीटवर बसले आणि आलापल्ली येईपर्यंत तिकिटांचा हिशेब करत राहिले. स्टँडवर चहा घेतला आणि तसाच ठेवून दिला. ड्रायव्हर भाऊ म्हणाले, बाई, तब्येत ठीक नाही का? म्हटलं, ठीक आहे, राग आला आहे.

कंडक्टरच्या नोकरीत एक वाईट आहे. सगळ्या गावांची बोलणी कानावर पडतात. तुमचं नाव किती ठिकाणी गेलं आहे हे मला जितकं माहीत आहे तितकं कोणालाच नसेल. गडचिरोलीच्या कॉलेजात फागू म्हणजे बावळट. वरोऱ्याकडे आपली माणसं सोयाबीन कापायला आणि कापूस वेचायला गेली, त्यांच्यासोबत तो शब्दही गेला, आणि तिथल्या बाजारात आता न पाहता घेतलेल्या खराब मालाला फागू माल म्हणतात. मी त्या गाडीवर होते तेव्हा एक व्यापारी दुसऱ्याला सांगत होता, ओलं सोयाबीन गळ्यात पडलं, सगळा फागू माल निघाला. एटापल्लीकडे तो चुकवणं, फसवणं झाला. आणि आपल्या गावात? आपल्या गावात शब्द फिरवणाऱ्याला म्हणतात, फागू पलटला. निवडणुकीच्या दिवसांत तर रोज कोणी ना कोणी पलटत असतो. इतक्या गावांत तुमचं नाव, आणि एकालाही तुमचं तोंड माहीत नाही.

म्हणून त्या पोट्ट्याला जे सांगायला जमलं नाही ते इथे लिहिते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण ऐका. चुकलं तर मान हलवा.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी खाली गेलं की आपली सगळी ढिवरांची घरं जाळी घेऊन एकदम उतरायची. मासोळी पाळीवर यायची. पळसाची पानं मांडून त्यावर वाटे पडायचे, जितकी घरं तितके. पण मासोळी काही धान्यासारखी मोजता येत नाही. एका पानावर मरळ यायची, दुसऱ्यावर कतल्याचं डोकं, तिसऱ्यावर नुसते झिंगे. मग भांडणं होणारच. म्हणून आपल्याकडची रीत. एकानं वाट्यांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्यानं हातातली काडी एका पानावर टेकवून विचारायचं, हा कोणाचा? पाठमोऱ्यानं मनाला येईल त्या घराचं नाव घ्यायचं. त्या घरच्यानं "माझा" म्हणून पान उचलायचं. तो "माझा" म्हणेपर्यंत काडी तिथून हलवायची नाही. आणि पाठमोऱ्याला काय? सगळ्यात शेवटी जे पान उरेल ते.

ते पाठमोरं उभं राहणं तुमच्याकडे कसं आलं हे आजीनं मला सांगितलं होतं. तुम्हाला नुकत्याच मिशा फुटल्या होत्या. शेताच्या धुऱ्यावरून शेजाऱ्याशी तुमची मारामारी झाली होती. नेहमीचा म्हातारा आजारी म्हणून त्या वर्षी तुम्हाला उभं केलं, आणि सगळ्यात मोठ्या वाट्यावर काडी असताना तुमच्या तोंडून त्याच शेजाऱ्याचं नाव निघालं. वाटे संपल्यावर तुम्ही वळून पाहिलं तर तो मरळ घेऊन उभा. तुम्ही पोट धरून हसलात म्हणे. तेव्हापासून गावानं ठरवलं, पाठमोरा हाच.

मी लहानपणी कुठे उभी राहायचे आठवतं? सगळं गाव वाट्यांभोवती, तुमच्या पाठीमागे. मी एकटी तुमच्या पुढ्यात, मोहाच्या झाडाखाली. सगळ्यांना तुमची पाठ दिसायची आणि मला तोंड. खर्रा थुंकून, चूळ भरून, दुपट्टा डोक्याला बांधून तुम्ही उभे राहायचे आणि डोळे मिटायचे. आधीच पाठ, वर डोळे मिटलेले! मी एकदा विचारलं, बाबा, डोळे काऊन मिटता? तुम्ही म्हणाले, "उघडे ठेवले तर गावाची वाट दिसते पोरी. कोन येऊन राह्यलं, कोनाच्या घरी काय दुखनं आहे, सारं आठवते. मंग नाव आपोआप येत नाई, आपन आनतो."

डोळे मिटल्याचं आईलाही ठाऊक नव्हतं. मी कोणाला सांगितलं नाही. ते आपल्या दोघांचं होतं.

तेव्हा तुमचं नाव कसं चालायचं गावात! लिंबोण्या वाटताना आम्ही पोरं म्हणायचो, चल, तू फागू हो. म्हणजे वळ आणि सांग. विटीदांडूत पहिला डाव कोणाचा, फागू हो. भावाभावांत वावराच्या पट्ट्या पडायच्या तेव्हा म्हाताऱ्याला पाठमोरं बसवून म्हणायचे, फागूनं होऊ द्या. एकदा ठरलं की ठरलं, त्यावर बोलायचं नाही, याला फागूचं झालं म्हणत. लग्नात कोणी मानपानावरून रुसलं की बाया त्याची समजूत घालायच्या, जाऊ द्या जी, फागूचं झालं आता. तुम्ही स्वतः त्याच मांडवात पंगतीत बसलेले असायचे आणि कानकोंडे व्हायचे. मला इतका अभिमान वाटायचा की मी दोन घास जास्त खायचे.

मग उद्धवकाकाच्या हाती काडी आली.

तुमचा चुलत भाऊ म्हणून तुम्ही त्याचं नाव कधी वाईट घेतलं नाही. मी घेते. मच्छीमार सोसायटीचा कारभार त्याच्याकडे आला आणि काडीही आली. तुम्ही गोपिकाबाईचं नाव घेतलं तेव्हा त्याची काडी चांगल्या पानावर होती, त्यात मोठा रोहू होता. गोपिकाबाई विधवा, घरात जाळं टाकणारा कोणी नाही. त्यानं काडी उचलली आणि बाजूच्या बारीक मासोळीच्या पानावर टेकवली. म्हणाला, घे गोपिका, हा तुहा. रोहू नंतर त्याच्या साळ्याच्या नावावर गेला. तुम्ही पाठमोरे, डोळे मिटलेले. तुम्हाला दिसलं नाही हे ठीकच आहे. पण बाकी सगळे? सगळं गाव तोंड करून उभं होतं! सगळ्यांचे डोळे उघडे होते! एकाच्याही तोंडातून शब्द निघाला नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, आपला वाटा तर जागेवर आहे ना.

मी तेव्हा गडचिरोलीला नवीन नोकरीवर होते. आईनं पुढचं सांगितलं. सांजच्याले गोपिकाबाई ते पान घेऊन आपल्या अंगणात आली, तुमच्या पुढ्यात ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. तुम्ही तुमचं उरलेलं पान तिच्या टोपलीत टाकलं. आई भांडायला निघाली होती उद्धवकाकाच्या दारात. तुम्ही तिला अडवलं. म्हणालात, एकदा माणसाची काडी घसरते.

घसरते? बाबा, इथंच मले तुमचा राग येते. घसरली नाई ती, सरकवली! तुमाले ते समजत नव्हतं काय? समजत होतं. मंग एक पूरा साल काऊन गप राह्यले? भाऊ आहे म्हनून? गावात बोलाचाली नको म्हनून? तुमी त्याच दिवशी बोलले असते तर चोर तो ठरला असता. तुमी त्याले एक संधी देली आणि त्यानं तुमचं नावच खाऊन टाकलं.

पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा उभे राहिले. आईनं सांगितलं होतं, जाऊ नका. तुम्ही गेले. आणि या खेपेला काय झालं ते आपल्या घरात कोणालाच नीट माहीत नव्हतं, कारण तुम्ही सांगितलं नाही आणि गावानं सांगितलं ते सगळं उलटं होतं. मला इतकंच कळलं होतं की वाटे पडत असताना, पुन्हा गोपिकाबाईच्याच नावाला, मधेच तुम्ही वळलात, तुमची नजर वाट्यांवर गेली आणि म्हणालात, "उद्धव, काडी होती तिथी ठेव."

आणि उद्धवकाका काय म्हणाला? "तू काऊन पाह्यला?"

संपलं! तेवढ्या एका प्रश्नानं सगळं उलटं झालं. काडी कुठे होती आणि कुठे गेली हे कोणी विचारलं नाही. पाठमोरा वळला कसा, एवढंच सगळे विचारू लागले. रीत मोडली म्हणे. वाटे बाटले म्हणे. पाहून नाव घेणाऱ्याचा काय भरवसा, इतके दिवस हा चोरून पाहत असेल, असंही एकजण बोलला. ज्यांनी मागच्या वर्षी उघड्या डोळ्यांनी सगळं पाहिलं तेच हे बोलत होते. बैठक झाली आणि तुम्हाला काढलं. त्याच आठवड्यात पानठेल्यावर कोणीतरी पहिल्यांदा म्हटलं, फागू पलटला. दुसरे म्हणाले, पलटला काय, मागच्या साली त्याच्या पाठीमागं कसं फागवलं त्याले! दोन्ही अर्थ एकाच पानठेल्यावर जन्माला आले, बाबा, आणि त्यांचे बाप कोण आहेत ते मला माहीत आहे.

खरं सांगू? तो शब्द करायचाच होता तर त्यांच्यावर करायला हवा होता. डोळे उघडे ठेवून गप उभं राहणाऱ्याला काहीतरी नाव पाहिजे. ते नाव अजून आपल्या बोलीत नाही. डोळे मिटून उभा राहणारा तेवढा बावळट ठरला.

तुम्ही मग तलावावर गेलेच नाहीत. एकटेच जाळं घेऊन नदीवर जायचे, नाहीतर रोजीनं कामाला. तलाव ठेक्यावर गेला, मासोळी पेट्यांत भरून गाडीनं जाऊ लागली, पाळीवरचे वाटे बंद झाले. रीत मोडली म्हणून ओरडणाऱ्यांना ते चाललं. त्यांची पोरं गडचिरोलीच्या होस्टेलमध्ये गेली आणि तुमचं नाव सोबत घेऊन गेली. ती पोरं गावात परत यायची तेव्हा ते नाव नुसती शिवी होऊन परत यायचं.

आणि तुम्ही काय करायचे माहीत आहे ना? गल्लीत पोरं क्रिकेट खेळायची. कोणाचा झेल सुटला की ओरडायची, अबे फागू! आणि तुम्ही अंगणात जाळं विणता विणता मान वर करून म्हणायचे, ओ! दर वेळी. पोरांना कळायचंही नाही. तुम्ही वाट पाहायचे, कोणी काही बोलत नाही हे पाहून पुन्हा सुई हातात घ्यायचे. मी एकदा सुट्टीत आले होते, तेव्हा दगड उचलून धावले होते त्यांच्यावर. तुम्ही मला मागे ओढलं. म्हणालात, जाऊ दे, पोट्टे खेळून राह्यले. बाबा, तुमचं नाव होतं ते! आईबापानं फागुनात जन्मले म्हणून कौतुकानं ठेवलेलं! तुम्ही "ओ" काऊन देत होता? नसता दिला तर काय बिघडलं असतं?

तुम्ही गेले त्या सकाळी मी गल्लीच्या तोंडाशीच होते. कोणीतरी तलावाकडच्या माणसांना हाक देऊन सांगितलं, फागू गेला! आणि घरासमोर उभं असलेलं एक पोरगं हसलं. त्याला वाटलं कोणाची तरी फजिती झाली. त्याच्या आईनं त्याला आत ओढलं. मी त्या पोराला दोष देत नाही. पण ते हसणं माझ्या कानातून जात नाही. तुम्हाला खांद्यावर घेतलं तेव्हाही तेच ऐकू येत होतं.

आता मुख्य गोष्ट. मागच्या आठवड्यात गोपिकाबाई डेपोत आली. आता चांगलीच म्हातारी झाली आहे, पण बसनं एकटी आली. ठेका संपला, तलाव या वर्षीपासून आपल्या बायांच्या गटाकडे आला आहे. बायांनी ठरवलं, मासोळी पहिल्यासारखी पाळीवर वाटायची. काडी गोपिकाबाईच्या हाती. पाठमोरं कोणी उभं राहायचं यावर बैठक अडली. शेवटी तीच म्हणाली, फागूभाऊची शेवंता. बाकीच्यांनी मान हलवली म्हणे. उद्धवकाकाच्या सुनेनंही.

माझा संताप झाला. मी तिला डेपोच्या बाकावर बसवून वाट्टेल ते बोलले. म्हटलं, इतकी वर्षं बावळटाला माझ्या बापाचं नाव देता, फसवण्याला देता, सडक्या सोयाबीनला देता, आणि आता वाटे करायची वेळ आली तेव्हा त्याचीच पोरगी पाहिजे? काऊन? दुसरा कोणी इमानदार नाही का गावात? जाऊन सांग त्यांना, शेवंता येत नाही. आणि तू तरी काय केलं होतं तेव्हा? माझा बाप तुझ्यासाठी वळला होता ना?

गोपिकाबाई सगळं ऐकून घेत होती. पदरानं तोंड पुसलं. मग तिनं जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही वळलात त्या दिवशी तिला उशीर झाला होता. ती टोपली घेऊन गावाच्या वाटेनं पाळ चढत होती, म्हणजे तुमच्या पुढून येत होती, मी लहानपणी उभी राहायचे तिथूनच. तुम्ही डोळे मिटून तिचंच नाव घेतलं. काडी पानावर टेकल्याचा बारीक आवाज आला होता. तिनं "माझा" म्हणायच्या आधीच तो आवाज पुन्हा आला, दुसऱ्या पानावर. ती म्हणाली, "तवा त्यानं डोये उघडले. मले पाह्यलं. रडून राह्यला होता शेवंता. मंग पलटला."

बाबा, तुम्ही एक वर्ष कान लावून उभे होते? तो दुसरा आवाज यायचा नाही म्हणून आशा धरून?

ती पुढे म्हणाली, मी ओरडून सांगायला पाहिजे होतं, पण पोटाला पोरं होती, सोसायटीच्या यादीत नाव राहू द्यायचं होतं. रडत नव्हती ती हे सांगताना. मीही तिला माफ केलं वगैरे म्हटलं नाही. आम्ही दोघी चहा प्यालो. तिच्या गाडीची वेळ झाली तेव्हा मी म्हटलं, उभी राहायला येते. पण माझी एक अट आहे. ती अट मी तिला सांगितली. तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "काडी मी हालवत नाई."

ती अट तुम्हाला सांगायची म्हणून हे सगळं लिहिलं.

आधी माझ्या मनात भलतंच होतं. वाटलं, दर वाट्याला वळून बघावं. उद्धवकाका काठी टेकत येईलच, त्याच्या नावाला सगळ्यात किडकं पान जाऊ द्यावं. मग तुमचं तोंड आठवलं, मोहाखालून दिसणारं. नाव आपण आणायचं नाही, येऊ द्यायचं. ठीक आहे. त्याचं नाव जिथे येईल तिथे येईल. मरळीवर आलं तर मरळ घेऊन जाऊ दे, खाऊन घसा भाजू दे त्याचा. एवढा राग ठेवते, बाकी तुमचं ऐकते.

पण पहिलं नाव मी आणणार आहे. तेवढं एक. तुमच्या रितीत बसत नसेल तर रागवा माझ्यावर.

परवा मी चूळ भरून, तुमचाच दुपट्टा डोक्याला बांधून, मोहाकडे तोंड करून उभी राहीन. डोळे मिटीन. गोपिकाबाई पहिल्या पानावर काडी टेकवेल आणि विचारेल, हा कोणाचा? मी मोठ्यानं म्हणेन, फागूचा.

मग "माझा" म्हणणारं कोणी असणार नाही. तुम्ही "ओ" द्यायला नाही आणि मी देणार नाही. आई घरी आहे, तिला मी सांगून ठेवलं आहे, तू यायचं नाही. रीत रीत करत होते ना सगळे? रीत अशी आहे की पान उचलल्याशिवाय काडी हलत नाही. उभं राहू दे सगळ्या गावाला काडीकडे बघत. ज्यांनी तेव्हा डोळे उघडे ठेवून तोंड मिटलं होतं त्यांतले कितीतरी अजून जिवंत आहेत. त्यांच्यातल्या कोणीतरी पुढे यावं, ते पान हातात घ्यावं आणि फागू कोण होता ते आपल्या पोरांपुढे सांगावं. शब्द नाही, माणूस. कोणाचा मुलगा, कुठे उभा राहायचा, कशासाठी वळला. सांगून झालं की पान खुशाल घरी न्यावं.

कोणी आलं नाही तर ऊन चढेल. पानं सुकतील, मासोळी नासेल, घार आणि कावळे येतील. येऊ दे. बाया चिडतील, पोरं रडतील, माझ्या ड्युटीची वेळ होईल. मी रजा टाकली आहे.

बाबा, तुम्ही वळलात म्हणून त्यांना बोलायला जागा मिळाली. मी तुम्हाला वचन देते, मी वळणार नाही. पाठीमागे कोणी तोंड उघडेपर्यंत मी त्या मोहाकडे तोंड करून, डोळे मिटून, उभी राहीन.

तुमची शेवंता,
फागूची